अकरावी बाटली

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं किराणा दुकान होतं. २०११च्या सुमारास गावात हृदयरोगावर व्याख्यान झालं. व्याख्यात्यांनी ऑलिव्ह तेलाचे गुण गायले आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात विचारणा सुरू झाली. ‘अण्णा, ते ऑलिव्हचं तेल ठेवता का हो?’ पहिल्या आठवड्यात सहा जणांनी विचारलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, रात्री गल्ला मोजताना म्हणाले, ‘सहा जण तोंडानं बोलले. न बोललेले आणखी सहा असतील. बारा बाटल्यांची पेटी असते. बसतोय हिशेब.’

पेटी आली. सुट्या बाटल्या मिळणार नाहीत आणि माल परत घेणार नाही, हे डिस्ट्रिब्युटरनं आधीच सांगितलं होतं. अण्णांनी बाटल्या गल्ल्यामागच्या फळीवर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर मांडल्या. दीड वर्षात तीन खपल्या. उरलेल्या नऊ बाटल्यांतलं तेल भाच्याच्या अंगाला, आजीच्या गुडघ्यांना आणि मुदत टळल्यावर शटरच्या पट्ट्यांना लागलं. त्या वर्षी पेठेत आमच्याइतकं गुळगुळीत शटर कुणाचं उघडत नव्हतं.

अण्णांचं काय चुकलं, हा प्रश्न तेव्हा घरात चेष्टेचा होता. पुढे दुकानं आणि बाजार यांवर लिहायला लागल्यावर तो मला गंभीर वाटू लागला. सहा जणांनी विचारलं, हे खोटं नव्हतं. त्यांना तेलात रस होता, हेही खरं. तरी पेटी मागवणं चूक ठरलं. मग गिऱ्हाइकाचा रस किती असला म्हणजे माल भरावा?

अण्णांच्या जुन्या वहीत त्या पेटीचा आकडा सापडला. बाटली ३४० रुपयांना पडली होती, विक्री ४००ला. बारा बाटल्यांचे झाले ४,०८० रुपये. दहा बाटल्या खपल्या असत्या तर हातात आले असते ४,०००, म्हणजे अजून ८० रुपये खिशातूनच. नफा सुरू होत होता अकराव्या बाटलीपासून. अण्णांनी विचारणारे मोजले, पण कितव्या बाटलीला मुद्दल सुटतं ते मोजलं नाही. सहाला बारा म्हणताना त्यांनी अंदाज दुप्पट केला आणि त्या अंदाजातही चुकीला जागा ठेवली जेमतेम एका बाटलीची.

या हिशेबाचं एक शास्त्र आहे आणि ते दिवाळी अंकाला नेमकं लागू पडतं. १८८८ साली एजवर्थ या अर्थतज्ज्ञानं बँकेनं किती रोकड हाताशी ठेवावी याचा विचार करताना या प्रश्नाची मांडणी केली. पुढे तो ‘वृत्तपत्रविक्रेत्याचा प्रश्न’ म्हणून ओळखला जाऊ लागला. सकाळी पेपर किती घ्यायचे? कमी घेतले तर आलेलं गिऱ्हाईक परत जातं, जास्त घेतले तर संध्याकाळी रद्दी. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा सुरू झाली. तेव्हापासून प्रत्येक स्टॉलवाला दरवर्षी हेच गणित तोंडी सोडवत आला आहे.

समजा, अंक त्याला २०० रुपयांना पडतो आणि ३००ला विकला जातो. विकला गेला तर फायदा १००, पडून राहिला तर तोटा २००. मग पुढचा एक अंक घ्यायचा तो कधी? तो खपण्याची शक्यता तीनात दोन असेल तेव्हा. पण प्रकाशक न खपलेला अंक परत घेणार असेल आणि जाण्या-येण्याचे दहा रुपयेच बुडणार असतील, तर अकरात एक शक्यताही पुरते. अंक तोच, वाचक तेच, विचारणारे तितकेच. एका सौद्यात तीनात दोन लागतात, दुसऱ्यात अकरात एक भागतं.

म्हणजे ‘मागणी पुरेशी आहे का?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर गिऱ्हाइकाकडे नसतंच, ते खरेदीच्या अटींमध्ये असतं. अण्णांच्या तेलाला हेच सूत्र लावलं तर प्रत्येक पुढची बाटली खपण्याची शक्यता शंभरात पंच्याऐंशीच्या वर हवी होती. किराण्यात मार्जिन तुटपुंजं, म्हणून खात्री जास्त लागते. शंभराची वस्तू पंच्याऐंशीला घेणारा दुकानदार एक नग फेकतो, तेव्हा तो तोटा भरून काढायला त्याला आणखी सहा नग विकावे लागतात.

हे सगळं कागदावर ठीक आहे. पण शक्यता शंभरात पंच्याऐंशी आहे की पंधरा, हे दुकानदारानं ओळखायचं कसं? या वर्षी पावसाळ्यात मी पुण्याच्या एका उपनगरातल्या किराणा दुकानात बरेच दिवस जाऊन बसलो. जेमतेम अडीचशे चौरस फुटांचं दुकान. सासरे गल्ल्यावर, सून मालावर. सून कॉमर्स शिकलेली. तिच्याकडे शाळेची दोनशे पानी वही आहे, तिला घरात म्हणतात ‘नाहीची वही’. गिऱ्हाइकानं मागितलं आणि दुकानात नव्हतं, ते सगळं त्या वहीत.

ती म्हणाली, ‘काका, सुरुवातीला मी नुसतं नाव लिहायचे आणि पुढे रेघा ओढायचे. महिनाअखेर बघितलं तर पान भरलेलं. सगळं आणलं असतं तर आम्हालाच दुकानाबाहेर उभं राहावं लागलं असतं.’ मग तिनं खुणा ठरवल्या. नुसतं विचारून गेलं तर बिंदू. भाव विचारला तर काडी. ते नाही म्हणून दुसरं काहीतरी घेतलं तर फुली. त्याच वस्तूसाठी पुन्हा आलं किंवा फोन नंबर ठेवून गेलं तर गोल. एका घरातल्या तिघांनी विचारलं तरी खूण एकच.

तिनं जुलैचं पान दाखवलं. मिलेट नूडल्स : नऊ बिंदू, दोन काड्या. ओट्सचं दूध : पाच बिंदू. भगर : आठ फुल्या, त्यावर कंस करून ‘एकादशी’. खाली, कोपऱ्यात, पेन्सिलीनं ‘मो. डा.’ आणि त्यापुढे तीन गोल.

भगरीचा कंस मला आवडला. उपवासाच्या आठवड्यात भगर संपली आणि आठ जण साबुदाणा घेऊन गेले. ती मागणी खरी, पण ती तिथीची. आषाढीच्या जोरावर श्रावण संपेपर्यंतची भगर भरली तर एक वेळ खपेल, भाद्रपदात मात्र तिच्यात पाखरं होतील. मोती साबणाचं तसंच. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री तो मिळाला नाही तर माणसं तीन दुकानं पालथी घालतात, मार्गशीर्षात मात्र त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. चौकशीला तारीख नसेल तर ती अर्धीच नोंद.

मिलेटची गोष्ट आणखी मजेची. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. तेव्हापासून ‘मिलेट’ हा शब्द मराठी घरांत रुळला. ज्या दुकानात ज्वारी-बाजरीची पोती पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, तिथे येऊन लोक विचारू लागले, ‘तुमच्याकडे मिलेटचं काही आहे का?’ सासरे पोत्याकडे बोट दाखवत, गिऱ्हाईक हसून निघून जाई. त्याला धान्य नको होतं, पुडा हवा होता. म्हणून सून वहीत वस्तूचं नाव स्वतःच्या शब्दांत लिहीत नाही, गिऱ्हाईक जे बोललं तेच लिहिते.

नूडल्सच्या नऊ बिंदूंवर तिनं पेटी मागवली नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलं की ती उलट विचारायची, ‘आणून ठेवते, किती पुडे घ्याल?’ तिघांनी आकडा सांगितला, बाकीचे ‘बघू’वर आले. मग तिनं होलसेलवाल्याकडून सहाच पुडे आणले, पुड्यामागे चार रुपये जास्त मोजून. सासऱ्यांना ते चोवीस रुपये खटकले. ती म्हणाली, ‘बाबा, ही परीक्षेची फी आहे.’ दहा दिवसांत सहाही पुडे गेले. सासरे म्हणाले, ‘बघ, पेटी आणायला हवी होती.’ तिनं पुन्हा सहाच आणले. त्यातले चार मी गेलो तेव्हा फळीवर होते, पाच आठवड्यांनंतरही.

तिचं म्हणणं असं, की पहिला पुडा कुतूहल विकत घेतं, दुसरा पुडा जीभ. मोठ्या कंपन्यांनाही हे पैसे मोजूनच कळलेलं आहे. १९९४ साली केलॉग्ज भारतात आली, तेव्हा कॉर्नफ्लेक्सचा सुरुवातीचा खप उत्साह वाढवणारा होता. पण बराचसा नवलाईचा निघाला. आपल्याकडे सकाळी गरम खायची सवय आणि दूधही गरमच ओतायची. कुरकुरीत फ्लेक्सचा लगदा झाला आणि पुन्हा डबा घेणारे कमी पडले. पहिल्या महिन्याची विक्री पाहून मागणी ठरवणं म्हणजे मांडवातली गर्दी पाहून संसाराचा अंदाज बांधणं.

पाहणारे आणि घेणारे यांच्यातलं अंतर दाखवणारा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या एका उंची किराणा दुकानात शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या संशोधकांनी जॅम चाखायचं टेबल मांडलं. कधी चोवीस प्रकार, कधी सहा. चोवीस बाटल्यांपाशी जाणाऱ्यांतले ६० टक्के थांबले, सहांपाशी ४०. पण थांबलेल्यांपैकी जॅम विकत घेतला तो चोवीसच्या टेबलावर ३ टक्क्यांनी, सहाच्या टेबलावर ३० टक्क्यांनी. २००० साली हे प्रसिद्ध झालं आणि ‘माल कमी ठेवा’ असा मंत्र झाला. पुढे अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब २०१० साली मांडला गेला तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. त्यामुळे तो मंत्र सगळीकडे चालत नाही. टेबलाभोवतीची गर्दी हा विक्रीचा पुरावा नव्हे, एवढी गोष्ट मात्र त्या दुकानापुरती तरी ढळढळीत दिसली.

दुसरं उदाहरण चुकीच्या प्रश्नाचं. २३ एप्रिल १९८५ रोजी कोका-कोलानं आपली चव बदलली. त्याआधी सुमारे दोन लाख चाचण्या झाल्या होत्या आणि लोकांनी घोटभर चाखून नवी चव पसंत केली होती. तरी ७९ दिवसांत जुनी चव परत आणायची पाळी आली. ‘कुठला घोट बरा?’ असं लोकांना विचारलं होतं. ‘हिच्यासाठी तुमची नेहमीची बाटली काढून घेतली तर चालेल का?’ हा खरा प्रश्न चाचणीत नीट पुढे आलाच नाही.

अडीचशे फुटांच्या दुकानात हा दुसरा प्रश्न रोज उभा असतो. फळी लांबत नाही. नवं काही ठेवायचं तर जुनं काहीतरी उतरवायचं. मिलेट नूडल्ससाठी सुनेनं शिंगाड्याच्या पिठाची जागा हेरली होती. महिन्याला दोन पुड्या खपायच्या. सासऱ्यांनी हात धरला. त्या दोन पुड्या नेणाऱ्या आजींच्या घरची महिन्याची यादी याच दुकानातून भरली जाते. तेल, साखर, डाळी, सगळं. शिंगाड्याचं पीठ मिळालं नाही तर आजी पुढच्या चौकात जातील आणि बाकीची यादीही तिकडेच वळेल. वहीत पिठाचा नफा दिसत होता, पिठाला बांधलेली यादी दिसत नव्हती. आणि नूडल्सचे जे पुडे गेले, त्यातले काही नेणारे एरवी साध्या नूडल्स नेणारेच होते. तेवढा खप वाढला नाही, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात गेला.

सगळ्यांत उत्साही विचारणा मात्र गिऱ्हाईक करतच नाही. खांद्याला बॅग, हातात टॅब घेऊन कंपनीचा सेल्समन येतो. ‘शेठ, खालच्या लाइनीत सगळ्यांनी लावलाय माल. बारावर एक फ्री. आज महिनाअखेर, उद्या स्कीम बंद.’ मी बसलो होतो त्या दिवशी एकजण प्रोटीन बिस्किटं घेऊन आला होता. शेजारच्या दुकानांत माल ‘लागलाय’ म्हणजे काय, तर याच सेल्समननं याच स्कीमवर तिथे तो उतरवलाय. दुकानात गेलेला माल आणि दुकानातून गेलेला माल, दोन्हीला विक्रीच म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. सून त्याला चहा देते आणि एकच प्रश्न विचारते, ‘दादा, त्या दुकानांनी दुसऱ्यांदा ऑर्डर दिली का?’ त्या दिवशीच्या सेल्समननं चहा संपवला आणि स्कीम बारावर दोन केली.

आता कोपऱ्यातलं ते ‘मो. डा.’. म्हणजे मोठ्या माणसांचे डायपर. त्याची विचारणा एकाच माणसानं केली होती, पहिल्यांदा संध्याकाळी शटर ओढायच्या वेळी. पन्नाशीचे एक गृहस्थ, दुकान रिकामं व्हायची वाट बघत बाहेर उभे होते. सासऱ्यांना विचारलं नाही, सून एकटी दिसल्यावर हळूच विचारलं. आठवड्यानं पुन्हा आले, मग पुन्हा, मग पुन्हा. एकाच माणसाचे तीन गोल. नऊ बिंदूंसमोर ही खूण कुणीही दुर्लक्षावी अशीच. तिनं मात्र दुसऱ्याच दिवशी दोन मापांचे पुडे आणले आणि गल्ल्यामागे लपवण्याऐवजी दाराजवळच्या फळीवर ठेवले, म्हणजे न विचारता उचलता यावेत. आता ते दर महिन्याला लागतात आणि नेणारी घरं एकापेक्षा जास्त आहेत. यातल्या बाकीच्या कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मला वाटतं, सगळ्या लेखाचं सार या कोपऱ्यात आहे. विचारणं बहुतेकदा फुकट असतं, म्हणून ढिगानं मिळतं. ओट्सच्या दुधाबद्दल विचारताना माणसाचं काही जात नाही, झालीच तर थोडी शान वाढते. मोठ्या माणसांच्या डायपरबद्दल विचारताना त्याला घरातलं आजारपण आणि स्वतःचा संकोच काउंटरवर ठेवावा लागतो. ज्या विचारणेला विचारणाऱ्याची किंमत पडली, ती एकच असली तरी जड. आणि जिथे विचारायलाच किंमत पडते, तिथे विचारणा झाली नाही म्हणजे मागणी नाही असं होत नाही. कित्येक वर्षं बायका पुरुष दुकानदाराकडे सॅनिटरी पॅड मागायला कचरत, मिळालं तर ते कागदात गुंडाळून मिळे. तेव्हाच्या एखाद्या ‘नाहीच्या वहीत’ त्या पानावर काय दिसलं असतं? कोरी जागा.

विचारणेला किंमत लावायची रीत आपल्याकडे नवी नाही. किराण्याची भिशी आठवा. दुकानदार वर्षभर महिन्याला ठरावीक रक्कम जमा करतो आणि दिवाळीला त्यातून तेल, रवा, साखर, डालडा देतो. भिशीत पन्नास घरं आहेत म्हणजे रवा किती लागणार, हे त्याला दसऱ्याआधीच माहीत असतं. १९७५पासूनच्या मुंबई ग्राहक पंचायतीनं तर दुकानच मधून काढलं. कुटुंबांचे गट करायचे, प्रत्येक घराची मागणी आधी लेखी घ्यायची, एकत्र खरेदी करायची आणि वाटून घ्यायची. मराठी प्रकाशकांची प्रकाशनपूर्व सवलत हाही त्यातलाच प्रकार. जाडजूड ग्रंथ ‘यायलाच हवा’ म्हणणारे सभेत शेकड्यांनी भेटतात, आगाऊ पैसे भरणारे किती त्यावर प्रती छापल्या जातात.

काही मिनिटांत सामान पोचवणाऱ्या ॲपना ही सगळी वही आपोआप मिळते. कोणी काय शोधलं, काय टोपलीत टाकून काढलं, सगळ्याची नोंद. किराणा दुकानदाराला ते जमणार नाही. पण कंस करून ‘एकादशी’ लिहायला, आजींची यादी ओळखायला आणि शटर ओढायच्या वेळी बाहेर घुटमळणारा माणूस दिसायला काउंटरमागे डोळे लागतात.

अण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते ऐंशीच्या पुढे आहेत, दुकान कधीच बंद झालंय. तेलाचं नाव काढल्याबरोबर म्हणाले, ‘तीन बाटल्या गेल्या ना, त्या सहांतल्या एकानंच एक नेली. बाकीच्या दोन, गावात नवीन बदलून आलेल्या बँकेच्या साहेबांनी. त्यांनी कधी विचारलं नव्हतं, फळीवर दिसली म्हणून घेतली.’ थोडं थांबून म्हणाले, ‘त्यांची बदली झाली नसती तर अकरापर्यंत गेलो असतो.’

पुण्यातल्या त्या दुकानातून शेवटच्या दिवशी निघताना मला राळ्यांची आठवण झाली होती. लहानपणी आजी राळ्याचा भात करायची. ‘राळे ठेवता का हो?’ मी विचारलं. सुनेनं वही उघडली.

‘आणते. किती घ्याल?’

‘अर्धा किलो. म्हणजे, बघू.’

‘दर महिन्याला लागतील?’

मी फळीकडे बघू लागलो. तिनं पानावर बिंदू टाकला. तो बिंदू मला बोचला. पिशवी उचलता उचलता मी विचारलं, ‘किलोचा भाव काय पडेल?’

तिनं मान वर केली नाही. बिंदूतून खाली एक रेघ ओढली.